मनगटावरची नजर पैसेवारी

निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते अजून खोक्यातच आहे, कारण त्याच आठवड्यात मुलाने पुण्याहून मनगटावरचं पाठवलं. फोनवर म्हणाला, "अप्पा, आता तुमची फिरती बंद. बसून राहाल. हे घालत जा. दिवसभरात किती कॅलरी जळल्या ते सांगतं." पस्तीस वर्षं मी निफाड, चांदवड, दिंडोरीच्या सजांमध्ये तलाठी म्हणून काढली. (या हुद्द्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, बांधावर मात्र अजून ‘तलाठी भाऊसाहेब’च चालतं.) एवढी वर्षं दुसऱ्याच्या पिकाचा अंदाज बांधला, आता कोणीतरी माझा बांधणार म्हटल्यावर गंमतच वाटली.

पहाटे साडेपाचला घरातून निघायचं, पिंपळगावातून चिंचखेडच्या रस्त्याला लागायचं आणि तासाभरात पाच किलोमीटर उरकून परत यायचं. दोन्ही अंगांना द्राक्षबागा, मध्येच कुठेतरी ब्लोअरची घरघर, औषधाचा वास. घरी आलो की घड्याळ दाखवायचं : ३१२ कॅलरी. मग चहासोबत भाजलेले शेंगदाणे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात शंभर ग्रॅम शेंगदाण्यांना ५२० कॅलरी दिल्या आहेत. म्हणजे साठ ग्रॅमला बरोबर ३१२. दोन मुठी. घड्याळाने जमा दाखवायची, मी खर्ची टाकायची. वहीत एक पैशाची तूट नाही.

तीन महिन्यांनी खताच्या दुकानात गेलो असताना सहज गोण्यांच्या काट्यावर उभा राहिलो. अठ्ठ्याहत्तर किलोचा माणूस साडेएकोणऐंशी भरला. काट्यात खोट असेल म्हणून दुकानदाराने पन्नास किलोची बंद गोणी ठेवून दाखवली. काटा चोख होता.

सातबारा जुळत नसला की तलाठी जुने फेरफार काढून बसतो. मीही बसलो. आणि जसजसं वाचत गेलो तसतसं लक्षात आलं, की हे घड्याळ जे करतंय ते मी नोकरीत दर हंगामाला करत होतो. त्याला आमच्या खात्यात नजर पैसेवारी म्हणतात.

ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पूर्वी पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे धरायचे आणि यंदा किती आणे आलं ते ठरवायचे. ती आणेवारी. पुढे आण्यांचे पैसे झाले. गावची पैसेवारी पन्नासच्या आत आली की दुष्काळ धरायचे. मग शेतसाऱ्यात सूट, वीजबिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ. म्हणून या आकड्यावर गावाचा डोळा असायचा. आता हा आकडा सुरुवातीला येतो कसा? तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक, सरपंच आणि चार शेतकरी बांधावर उभे राहतात आणि बघतात. बाजरी किती उंच, कणीस किती भरलं, मागच्या साली काय होतं. कुणी म्हणतं साठ, कुणी चाळीस. खोटं कुणीच बोलत नसतं. पण काट्यावर काहीच चढलेलं नसतं.

घड्याळही बांधावर उभं राहूनच बघतं. त्याच्या पोटाशी हिरवा दिवा लुकलुकतो, तो पुष्कळांनी पाहिला असेल. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्या क्षणभर भरतात, तेव्हा परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. या चढउतारावरून घड्याळ नाडी मोजतं. दुसरी सोय म्हणजे हालचाल ओळखणारी बारीक चिप. हात किती आणि कोणत्या दिशेने हलला ते तिला कळतं, त्यावरून पावलं. तिसरी गोष्ट आपण स्वतः सांगितलेली : वय, उंची, वजन, पुरुष की बाई. बस्स. यापलीकडे घड्याळाच्या हातात काही नाही. शरीरात इंधन जळतं तेव्हा प्राणवायू लागतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, उष्णता निघते. यातलं एकही ते मोजत नाही. तीन गोष्टी सूत्रात घालतं आणि आकडा सांगतं. आणि ते सूत्र काय, हे कंपन्या आपल्याला दाखवत नाहीत.

माझा घोटाळा तर त्याच्याही आधीचा होता. चालण्याचा हिशोब करायची शास्त्रज्ञांची एक साधी रीत आहे. नुसतं बसलेलं माणूस दर किलो वजनामागे तासाला साधारण एक कॅलरी खर्चतं, असं धरायचं आणि प्रत्येक कामाला त्याची पट द्यायची. (आपण ज्याला कॅलरी म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी, एक किलो पाणी एका अंशाने तापवायला लागणारी ऊर्जा. रोजच्या बोलण्यात ‘किलो’ गळून पडला.) माझ्या चालीला साडेतीन पट धरतात. अठ्ठ्याहत्तर गुणिले साडेतीन, २७३. पण यातल्या ७८ मी तो तास खुर्चीत बसून पेपर वाचला असता तरी जळल्याच असत्या. चालण्याची खरी कमाई १९५. घड्याळाने दाखवलेल्या ३१२ मध्ये बसल्या जागचा खर्चही धरलेला होता. बऱ्याच घड्याळांत एकूण कॅलरी आणि हालचालीच्या कॅलरी असे दोन आकडे वेगवेगळे असतात. मी मोठा तो बघत होतो. मोठा आकडा दिसला की माणूस छोट्याकडे बघत नाही, हा अनुभव तलाठ्याला नवीन नाही. रोजचा फरक ११७. नव्वद दिवसांत साडेदहा हजार. एक किलो चरबीत ढोबळमानाने ७७०० कॅलरी धरतात. म्हणजे जवळजवळ एक किलो चारशे ग्रॅम. काटा दीड किलो म्हणत होता. अर्थात माझा हा हिशोबही नजरेचाच आहे, ते पुढे येईलच.

बसल्या जागी शरीर चालू ठेवायला काय लागतं, याचीही सूत्रं आहेत आणि ती ऐकून करमणूक होते. जुनं आणि नावाजलेलं सूत्र हॅरिस आणि बेनेडिक्ट या अमेरिकी जोडीचं, १९१९ सालचं. १३६ पुरुष, १०३ बायका आणि ९४ तान्ही बाळं मोजून त्यांनी ते बसवलं. त्यात माझं वय एकोणसाठ, उंची १६८ सेंटिमीटर आणि वजन घातलं तर दिवसाला १५८१ कॅलरी येतात. १९९० सालचं मिफ्लिन आणि सेंट जिओर यांचं सूत्र मला १५४० देतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५च्या अहवालात घेतलेलं सूत्र, त्याला उंची लागत नाही, वजन आणि वयोगटावर भागतं, ते सांगतं १७८४. देह एकच, पहाट एकच आणि हलायच्या आत २४४ कॅलरींचा फरक. सत्तर ग्रॅम पिठाची बाजरीची भाकरी होते तेवढ्यात. शिवाय आपल्याकडच्या तज्ज्ञांनी परदेशी सूत्रं भारतीयांना जशीच्या तशी बसत नाहीत म्हणून उत्तरातून पाच टक्के वजा केले, ते वेगळंच. माझ्या घड्याळाने यातलं कोणतं सूत्र घेतलं आणि पाच टक्के सोडले की नाही, देव जाणे.

हे झालं माझं घरगुती. मोठ्या प्रमाणावर तपासणी झाली ती अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात. निकाल २०१७ साली छापून आला. साठ माणसांच्या मनगटांवर सात बनावटींची घड्याळं बांधली, त्यांत ॲपल, फिटबिट, सॅमसंग, मायक्रोसॉफ्ट सगळे होते. माणसांना बसवलं, चालवलं, पळवलं, सायकल मारायला लावली आणि तोंडाला मुखवटा लावून श्वासातला प्राणवायू मोजला. नाडीच्या बाबतीत सातपैकी सहा घड्याळांची चूक पाच टक्क्यांच्या आत. इतकी चोख. कॅलरीत मात्र एकही पास नाही. सर्वांत बऱ्या घड्याळाची चूक सरासरी २७ टक्के, सर्वांत वाईटाची ९३ टक्के. त्याच निबंधात पुढे लिहिलंय की चूक कुणाच्या बाबतीत जास्त निघाली : पुरुष, अंगाने जाड, रंगाने सावळे, आणि चालत असताना. मी वाचून बायकोला हाक मारली. म्हटलं, हे बघ, अमेरिकेत माझं वर्णन छापून आलंय.

त्याच्या आदल्या वर्षी, २०१६ साली, जपानी संशोधकांनी बारा यंत्रं घेऊन एकोणीस माणसांवर दुसरा प्रयोग केला. त्यांनी माणसांना नुसतं प्रयोगशाळेत डांबलं नाही, घरीही जाऊ दिलं, रोजची कामं करू दिली. तिथे सगळीच्या सगळी यंत्रं कमी बोलली : दिवसाला ६९ पासून ५९० कॅलरींपर्यंत कमी. माझ्या घड्याळाने मला जास्त दिलं आणि तिथे कमी पडली, म्हणजे चूक एकाच बाजूला झुकते असंही नाही. एकाच बाजूला झुकली असती तर बरं झालं असतं. काटा नेहमी दोनशे ग्रॅम जास्त दाखवतो हे माहीत असलं की व्यापारी तेवढे वजा करून मोकळा होतो.

जपान्यांना खरा आकडा कळला कसा? इथे मला आमचा पीक कापणी प्रयोग आठवला. नजर पैसेवारीनंतर ती खरी परीक्षा. गावातला सर्व्हे नंबर कोणता घ्यायचा हे तलाठ्याच्या मर्जीवर नसतं, यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यातून निघतं. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावर उभं राहायचं, तक्त्याने सांगितली तेवढी पावलं लांबीला आणि तेवढी रुंदीला टाकायची, तिथे खुंटी ठोकायची. खुंटी खडकाळ पट्ट्यात पडली तरी हलवायची नाही, आणि मालकाने "भाऊसाहेब, जरा तिकडं सरका की" म्हटलं तरी नाही. बाजरीला दहा मीटर बाय पाच मीटरचा तुकडा दोरीने आखायचा. त्यातली सगळी कणसं कापायची, मळायची, उफणायची, तोलायची. मग त्यातला थोडा दाणा वाळवून पुन्हा तोलायचा, कारण ओल्या दाण्याचं वजन फसवं. उन्हात अर्धा दिवस जातो, कुसळं अंगभर चावतात. पण साठ पैशांचं म्हणून हसत असलेलं शेत पंचेचाळीसवर आलेलं मी याच दोरीत पाहिलंय.

शरीराची कापणीही अशीच आहे, फक्त कणसाच्या जागी लघवी. माणसाला एक खास पाणी पाजतात. त्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही नेहमीपेक्षा जड जातीचे, निरुपद्रवी, पण यंत्राला ओळखू येतील असे. हायड्रोजन शरीराबाहेर पडतो तो पाण्यावाटेच, म्हणजे घाम, लघवी, श्वासातली वाफ. ऑक्सिजन पाण्यावाटेही जातो आणि कार्बन डायऑक्साइडवाटेही. आठवडा-दोन आठवडे लघवीचे नमुने घ्यायचे आणि कोण किती वेगाने आटलं ते बघायचं. दोघांमधली तफावत म्हणजे श्वासावाटे गेलेला कार्बन डायऑक्साइड, आणि त्यावरून जळलेलं इंधन. माणूस या काळात शेत नांगरो की झोपून राहो, पाणी आपला हिशोब ठेवत असतं. १९५०च्या दशकात अमेरिकेत नेथन लिफसन यांनी ही युक्ती प्राण्यांवर बसवली. माणसांवर ती १९८२ साली आली, कारण जड ऑक्सिजन भयंकर महाग आणि माणसाला उंदरापेक्षा खूप जास्त लागतो. आजही ती प्रयोगशाळांपुरतीच आहे. गावागावांत तलाठ्याला रोज पीक कापायला लावता येत नाही, म्हणून तर नजर पैसेवारी जन्माला आली. घड्याळाचंही तेच.

वाचता वाचता एका नावापाशी मी थबकलो. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११चा. आम्ही बांधावर जी दोरी आखायचो तिच्यामागे जी दोन मराठी डोकी होती, त्यांतलं एक यांचं, दुसरं विनायक गोविंद पानसे यांचं. त्याआधी देशाचं धान्य किती पिकलं हे सरकार आणेवारीवरूनच ठरवायचं. तलाठ्या-पटवाऱ्यांच्या नजरेचे आकडे थेट दिल्लीपर्यंत. चाळीसच्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत सुखात्म्यांनी आणि इंदूरच्या संस्थेत पानशांनी, यादृच्छिक पद्धतीने शेत निवडून कापणी करायची पद्धत रुळवली. १९५४ साली दोघांनी मिळून लिहिलेलं संख्याशास्त्राचं पुस्तक कृषी महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या चाललं. मला हे माहीत होतं, प्रशिक्षणात सांगितलं होतं. माहीत नव्हतं ते पुढचं. हाच माणूस नंतर वीस वर्षं रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकीचा प्रमुख होता, आणि पुण्यात परतल्यावर त्याने कॅलरीच्या आकड्यावर बोट ठेवलं.

झालं असं. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला २२५० कॅलरींचं अन्न ज्याला परवडत नाही तो गरीब, असं त्यांनी धरलं. पुढे १९७९ साली नियोजन आयोगाच्या गटाने ग्रामीण भागासाठी २४०० आणि शहरी भागासाठी २१०० धरल्या, त्यांचे रुपये केले आणि दारिद्र्यरेषा आखली. सुखात्मे म्हणाले, थांबा. निरोगी माणसाचा खर्च आणि खाणं रोज सारखं नसतं. एकाच माणसाचं आठवड्या-आठवड्याला बदलतं आणि शरीर एका मर्यादेत ते सांभाळून घेतं. तेव्हा सरासरीच्या खाली दिसला तो प्रत्येक जण उपाशी, असं म्हणता येत नाही. दांडेकरांना हे अजिबात पटलं नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त दोघांची चांगलीच जुंपली. शरीर सांभाळून घेतं म्हणून उपाशी माणसांची मोजदाद कमी करायची की काय, ही दांडेकरांच्या बाजूच्या लोकांची भीती, आणि रेशनकार्डं हाताळलेला माणूस म्हणून मला ती भीती खरी वाटते. पिवळं कार्ड आणि केशरी कार्ड यांच्यामधल्या रेघेवर उभी असलेली घरं मी पाहिली आहेत. पण सुखात्म्यांचं मूळ म्हणणंही सोडवत नाही : एका माणसाच्या एका दिवसाचा कॅलरीचा आकडा म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. दोन पुणेकर विद्वान जिथे एकमत होऊ शकले नाहीत तिथे चार हजारांचं घड्याळ ‘३१२’ असं एककांपर्यंत सांगतं, याचं मला हसू येतं. ‘तीनशेच्या आसपास, वर-खाली शंभर’ असं लिहिलं असतं तर मी शेंगदाणे जपून खाल्ले असते.

डिसेंबरमधली गोष्ट. पुतण्याच्या बागेत विरळणी चालू होती. पेठ-सुरगाण्याकडची टोळी आलेली, दहा-बारा बाया, तीन-चार बाप्ये. विरळणी म्हणजे घडात मणी दाटीने लागले की कात्रीने नेमके मणी काढायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. घड डोक्याच्या पातळीला, कधी वर. दोन्ही हात उचललेले, मान मागे, नजर घडात. सकाळी आठपासून. मी पाच मिनिटं करून पाहिलं आणि खांदे बोलायला लागले. त्यांच्यातल्या एका चाळिशीच्या बाईला म्हटलं, हे घड्याळ आज तू घाल, संध्याकाळी परत दे. तिने उलटसुलट करून पाहिलं. "भाऊसाहेब, ह्यात टाइम कुठं दिसतो?" मी दाखवला. बाकीच्या हसल्या. एकीने विचारलं, हजेरी यावरच लागणार का.

संध्याकाळी पाचला घड्याळ परत घेतलं, त्याच्या पट्ट्याला द्राक्षाच्या पाल्याचा हिरवट चिकटा लागलेला. पावलं २१४०. हालचालीच्या कॅलरी १८६. आणि खाली एक सूचना : आज तुम्ही बराच वेळ बसून होता, थोडं चाला.

मी बांधावर बसून ते दोनदा वाचलं. वर धरलेला हात घड्याळाला थांबलेलाच दिसतो. कात्री चालते ती बोटांनी, मनगट जवळजवळ स्थिर. खांदा, मान, कंबर यांच्यावर काय ताण आहे, हे मनगटाला कसं कळणार? नाडी थोडी वाढली असेल, तेवढंच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या तक्त्यात पंचावन्न किलोच्या बाईला बैठ्या कामात दिवसाला १६६०, मध्यम कामात २१३० आणि कष्टाच्या कामात २७२० कॅलरी लागतात असं दिलंय. विरळणीला कोणत्या रकान्यात टाकायचं यावर वाद घालता येईल. पहिल्या रकान्यात टाकणाऱ्याला मात्र मी एक दिवस बागेत उभा करीन.

रात्री जेवताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली आणि घास हातातच राहिला. घड्याळात नोंद माझीच होती. एकोणसाठ वर्षांचा अठ्ठ्याहत्तर किलोचा पुरुष. ती बाई पंचेचाळीस किलोच्या वर नसावी. तेव्हा १८६ हा आकडा तिचाही नव्हता आणि माझाही. सातबारावर नाव एकाचं आणि शेत कसतोय दुसराच, असली प्रकरणं मी आयुष्यभर निस्तरली, आणि हे मी स्वतःच्या हाताने केलं.

हमालांचंही असंच असणार. जोपूळ रस्त्यावरच्या बाजार आवारात ऑगस्टपासून टोमॅटोचा हंगाम पेटतो, तेव्हा वीस किलोचं क्रेट उचलून गाडीत भरणारा माणूस आणि रिकाम्या हाताने लिलाव बघत हिंडणारा मी, दोघांची पावलं घड्याळाला सारखीच. ओझं त्याला दिसत नाही. शिवाय क्रेट घट्ट धरलं की मनगटाच्या शिरा-स्नायू ताणतात आणि हिरव्या दिव्याला नाडी नीट सापडत नाही. उलट, भाव पडत असताना पुतण्या पिकअपच्या टपाला टेकून नुसता उभा होता, तेव्हा त्याच्या घड्याळात नाडी ११२. कसला व्यायाम म्हणायचा हा? आणि माझी बायको घड्याळ घालून अकरा भाकऱ्या थापून उठली तर चारशे पावलं, स्वयंपाकघराचा उंबरा न ओलांडता.

सायकलवाल्यांकडे याला चांगला तोडगा आहे. नाशिकमध्ये सायकलीचं वेड मोठं. डॉक्टर असलेल्या महाजन बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली, तेव्हापासून आमच्याकडेही महामार्गाच्या कडेने हेल्मेटवाले दिसू लागले. त्यांतल्या हौशी लोकांच्या पेडलमध्ये जोर मोजणारं यंत्र असतं. पाय किती ताकदीने दाबला ते तिथे खरोखर मोजलं जातं. माणसाचं शरीर जेवढं जाळतं त्याच्या पाव भागाच्या जरा खालीच काम चाकापर्यंत पोचतं, बाकी उष्णता. आणि एका कॅलरीत ४.१८४ किलोज्यूल. चारने गुणायचं आणि चारने भागायचं असल्यामुळे पेडलवर जेवढे किलोज्यूल तेवढ्याच कॅलरी, असा सोपा हिशोब जमून येतो. थोडंफार इकडेतिकडे. पण त्याला पेडल हवं. विरळणीला, भाकरीला, क्रेटला पेडल नाही.

तर मग घड्याळ काढून टाकलं का? नाही. डॉक्टरांनी मला रक्तदाबासाठी जी गोळी दिली आहे ती नाडीचा वेग दाबून ठेवते. त्यांनीच सांगितलं की या गोळीवर असताना नाडीवरून केलेला मेहनतीचा अंदाज कमीच येणार, तिकडे लक्ष देऊ नका. पण पहाटे अंथरुणातून उठायच्या आधीची नाडी मात्र बघत जा म्हणाले. ती मी बघतो. महिनाभर चौसष्ट-पासष्ट असते, आणि एकदा दोन दिवस बहात्तरवर गेली तर तिसऱ्या दिवशी तापाने पडलो. हे त्याने खरंच मोजलेलं असतं, बांधावरून पाहिलेलं नसतं. पावलंही बऱ्यापैकी खरी, ट्रॅक्टरवर बसलेला दिवस सोडला तर. पट्टा मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर, सैल नाही असा बांधतो. घड्याळात वजन साडेएकोणऐंशी करून टाकलं, मनाविरुद्ध. कॅलरीचा आकडा मी माझ्याच मागच्या आठवड्याशी ताडून बघतो, पुतण्याच्या घड्याळाशी नाही आणि ताटाशी तर मुळीच नाही. नजर पैसेवारीतही आम्हाला जुने लोक हेच सांगायचे : या गावची त्या गावाशी लावू नका, याच गावची गेल्या सालाशी लावा. आणि दर रविवारी खताच्या दुकानातला काटा. दुकानदार आता मला बघितलं की गोणी बाजूला सरकवतो.

बायकोला हे सगळं प्रकरण तोंडपाठ झालंय. घड्याळात मी दिवसाला पाचशे हालचालीच्या कॅलरींचं उद्दिष्ट लावून ठेवलंय, आणि रात्री ताटं वाढताना ती पूर्वी गावकरी विचारायचे त्याच सुरात विचारते, "काय भाऊसाहेब, आज किती लावली?"

परवा पाऊस होता, चिंचखेडचा रस्ता चिखलात, घरातल्या घरात फेऱ्या मारल्या. मनगट वळवून पाहिलं. २४०.

"अठ्ठेचाळीस पैसे," म्हटलं.

"मग दुष्काळच की," ती म्हणाली आणि मी नको म्हणायच्या आत दुसरी भाकरी ताटात टाकली.